उतारावरचा वळसा

शिंप्याच्या पोरीला जे यायला हवं ते तिला सगळं येत होतं. काजं, तुरपाई, उलटी टीप. आणि या सगळ्याच्या वरताण म्हणजे तिची नजर. समोरून माणूस चालत गेला की त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे, हे ती टेप न लावता सांगायची. बाप म्हणायचा, "हिच्या डोळ्यांत ओळंबा बसवलाय." एवढं असून शाळा संपल्यावर तिनं दुकानात बसायला नकार दिला, कॉलेजचा फॉर्म भरायलाही नकार दिला, आणि कोणाला न विचारता सेवा-वर्षासाठी नाव देऊन मोकळी झाली. वर्षभर घर सोडायचं, आठ जणांच्या तुकडीत राहायचं, आणि जिथे पाठवतील तिथे जाऊन सांगतील ते काम करायचं.

"वर्षभर खड्डे खणणार?" आई म्हणाली. "खड्डेच खणायचे होते तर एवढी वर्षं शाळेत कशाला घातलं तुला?"

बापानं मशीनवरून मान वर केली नाही. "जाऊ दे गं. धुतल्याशिवाय कापडाचा रंग पक्का की कच्चा, कळतो का?"

खरं कारण तिनं दोघांनाही सांगितलं नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत बटणं लावत ती मोठी झाली होती. पुढच्या बाजूला लोक यायचे, हसायचे, जायचे. आपण कधी कोणाच्या 'आपल्यातली' नव्हतो, हे तिला आतून टोचत होतं. आठांतली एक व्हायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

पंधरा दिवसांचं प्रशिक्षण झालं. कुदळ कशी धरायची, जखम कशी बांधायची, भांडण झालं तर कोणाला सांगायचं. मग एका ट्रकनं त्यांना पहिल्या कामावर आणून सोडलं. मुलांअभावी बंद पडलेली शाळा हेच राहायचं ठिकाण. एका वर्गात मुली, दुसऱ्यात मुलगे. तुकडीची प्रमुख सत्तावीस वर्षांची होती. तिनं स्वतः हे वर्ष पूर्वी केलं होतं, आणि पुन्हा आली होती. सगळे तिला ताई म्हणायचे. तुकडीत दोघांचं नाव एकच निघालं, तेव्हा ताईनं फर्मान काढलं की आजपासून टोपणनावंच. काडीसारख्या बारीक पोराचं नाव 'पैलवान' पडलं. आणि आपल्या शिंप्याच्या पोरीनं पहिल्याच रात्री "डावीकडची खाट दोन इंच बाहेर आलीये" म्हणून ती उठून सरकवली, तेव्हा तिची 'फूटपट्टी' झाली. चार दिवसांत तिची नुसती 'पट्टी' उरली. तिला ते इतकं आवडलं की पांघरुणात तोंड खुपसून ती हसली.

शाळेच्या मागूनच एक उतार चढत होता. लांबरुंद, उघडाबोडका, नुसतं गवत. वनखात्याचे साहेब नकाशा घेऊन आले. नकाशावर तो सगळा भाग पांढरा होता. "माती सुटायला लागलीये," ते म्हणाले. "दर वर्षी थोडी थोडी रस्त्यावर येते. मुळं धरली तरच ती थांबेल. दोन हजार रोपं, अडीच-अडीच मीटरवर, सरळ ओळीत. दोन महिने आहेत." आणि ते गेले.

ओळी आखायचं काम पट्टीकडेच आलं, हे काही वेगळं सांगायला नको. टेप, खुंट्या, दोरी आणि फक्कीचा डबा. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला पैलवान. बाकीचे मागून कुदळी-फावडी घेऊन यायचे.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे हात सोलून निघाले. रस्त्याच्या शेवटच्या घरात एक निवृत्त नर्सबाई राहायच्या. त्या संध्याकाळी आपण होऊन शाळेत आल्या, बाकावर बसल्या आणि एकेकाचा तळहात मांडीवर घेऊन औषध लावू लागल्या. रोजचा नेमच झाला तो. जखम बांधताना त्या उताराकडच्या दाराकडे पाठ करून बसायच्या. पैलवान एकदा म्हणाला, "बाई, एकदा वर या ना, आमचं काम बघायला." त्यांनी बँडेजची गाठ जरा जास्तच घट्ट मारली आणि म्हणाल्या, "माझे गुडघे नाहीत रे चढायचे." पण रस्त्याचा चढ त्या तरातरा चढायच्या.

दुसऱ्या आठवड्यात पट्टी उताराच्या माथ्यावरच्या सिमेंटच्या टाकीपाशी बसली होती. दुपारचं लख्ख ऊन. खालून सहा जण डोक्यावर रोपांची घमेली घेऊन येत होते, थोडं थोडं अंतर ठेवून. ती सहजच बघत होती. पहिला मुलगा सरळ वर आला, एका जागी काटकोनात डावीकडे वळला, आठ-नऊ पावलं चालला, पुन्हा उजवीकडे वळून वर आला. तिथे दगड नव्हता, खड्डा नव्हता, काही नव्हतं. दुसरी मुलगी त्याच जागी वळली. तिसरा तिथेच. सहाही जण. मुंग्यांची रांग ठरलेल्या वाटेनं जावी तसे.

ते वर आल्यावर तिनं विचारलं, "असे फिरून का आलात?"

"कसे?"

"तिथे. वळसा घालून."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. "सरळच तर आलो," मुलगी म्हणाली. पैलवान दात काढून म्हणाला, "काखेत कळसा नि गावाला वळसा! पट्टीला ऊन लागलंय, पाणी द्या तिला."

तीही हसली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी एकटी असताना तिनं फक्कीचा डबा घेतला, वरच्या खुंटीवर नजर रोवली आणि तिच्याकडे सरळ चालत निघाली, मागे बारीक पांढरी धार सोडत. आयुष्यात तिची रेघ कधी चुकली नव्हती. खुंटीपाशी पोचून तिनं मागे वळून पाहिलं, आणि तिच्या हातातला डबा निसटला. रेघ तीनदा वळली होती. काटकोनात. आणि आपण वळलो हे तिला ठाऊकच नव्हतं.

त्यानंतर ती डोळ्यांत तेल घालून बघत राहिली. जो जिथे वळेल तिथे ती गुपचूप एक खुंटी ठोकायची. संध्याकाळी टेपनं मापं घ्यायची आणि खाकी कागदावर उतरवायची, बाप झंपराचा नमुना काढायचा तसं. कागदावर चौकोन उमटायला लागले. एकाला लागून एक, मध्ये अरुंद पट्टे. प्रत्येक चौकोनाच्या एका बाजूला दीड हाताची फट, जिथून कधीकधी कोणी नकळत आत जायचं. शिंप्याच्या पोरीलासुद्धा समजलं की हा झंपर नव्हे. ही घरं होती. ह्या गल्ल्या होत्या नि ही दारं.

तिनं कागद ताईला दाखवला. ताईनं एका चौकोनाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मला वाटलं, मलाच होतंय."

पैलवानानं मात्र ऐकल्याबरोबर छाती काढली. "भिंतबिंत काही नाही. थांबा, मी आरपार जाऊन दाखवतो." सकाळचे दहा वाजले असतील. सगळे ओळीनं उभे. पैलवान पायात बूट, हात झुलवत, एका चौकोनाच्या ऐन मध्यावर नजर ठेवून निघाला. कडेशी आल्यावर त्याचं अंग आपोआप वळायला लागलं, ते सगळ्यांना दिसलं. त्यानं दात-ओठ खाऊन ते सरळ केलं आणि पुढे घुसला. सात पावलं. आठवं पाऊल टाकून तो पलीकडे निघाला आणि उभा राहिला.

"झालं?" कोणीतरी ओरडलं.

तो वळला. त्याच्या पायात बूट नव्हते.

बूट अलीकडच्या बाजूला होते. त्या दीड हाताच्या फटीबाहेर, एकमेकांना चिकटून, नीट जोडीनं ठेवलेले. नाड्या सोडून आत खोचलेल्या. पैलवान त्या फटीतून गेलाच नव्हता. तो चार हात बाजूनं गेला होता. आणि तो वाकलाही नव्हता. सात जण बघत होते, एकानंही त्याला वाकताना पाहिलं नव्हतं.

"कोणीतरी म्हणालं," पैलवान म्हणाला. आवाज एवढासा झाला होता त्याचा. "बाईचा आवाज. रागावली नव्हती. 'पायातलं बाहेर,' एवढंच म्हणाली."

त्या दिवशी काम झालं नाही. सगळ्यांची पाचावर धारण बसली होती. ताईनं पट्टीला आणि कागदाला बरोबर घेतलं आणि नर्सबाईंचं दार वाजवलं.

बाईंनी कागद टेबलावर पसरला, चष्मा लावला. त्यांचं बोट एका चौकोनावर थांबलं. "इथे दोन पायऱ्या आहेत. तू काढल्या नाहीस." मग पुढच्यावर. "हा सुतार. याची धाकटी कानानं अधू. हे जुळ्यांचं घर. वजन करताना दोन्ही रडायची." बाई 'होते' म्हणत नव्हत्या. 'आहेत' म्हणत होत्या.

"काय झालं तिथे?" ताईनं विचारलं.

"तुम्हाला सांगितलं नाही? साहेब तेव्हा शाळेत शिकत असतील म्हणा." बाईंनी चष्मा काढला. "सव्वीस वर्षं झाली. सकाळी सव्वाअकरा. दूध उतू जायला जेवढा वेळ लागतो ना, तेवढ्यात सगळा डोंगर खाली आला. मी खालच्या गल्लीत बाळंतिणीला बघायला गेले होते, म्हणून आहे. माती हलतच होती, खणू दिलं नाही कोणाला. नंतर वर गवत पेरलं. झालं. खालच्या लोकांनी त्या बाजूच्या खिडक्या चिणून टाकल्या आणि बोलणं बंद केलं."

"म्हणजे ते सगळे अजून..." पट्टीनं विचारलं.

"घरीच आहेत," बाई म्हणाल्या.

ताई म्हणाली, "मग काम थांबवते. तसं कळवते वर."

"आणि माती? ती थांबेल का?" बाई एकदम कडक झाल्या, वॉर्डात होत असतील तशा. "खाली अजून माणसं राहतात. झाडं लावा. लावलीच पाहिजेत. फक्त कोणाच्या घरात भिंतीतून घुसू नका रे. दारातून जा. विचारून जा. तुमच्या घरी कोणी असं शिरलं तर चालेल का?"

दुसऱ्या दिवशी ताईनं सगळ्यांना समोर बसवलं आणि जसंच्या तसं सांगितलं. ज्याला जायचं त्यानं जावं, मी नावं ठेवणार नाही, म्हणाली. एक मुलगा गेला. आठांचे सात राहिले.

मग ते वेगळंच काम सुरू झालं. प्रत्येक चौकोनाच्या दारापाशी पट्टीनं दोन खुंट्या ठोकल्या. तिथे बूट काढायचे. "येऊ का?" म्हणायचं. थोडं थांबायचं. पहिल्या दिवशी सगळ्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. उघड्या माळावर हवेला विचारायचं म्हणजे काय! पण विचारून आत गेलं की पायाखाली गारवा लागायचा, सारवलेल्या जमिनीसारखा, भर उन्हातसुद्धा. खड्डे हातभरापेक्षा खोल घ्यायचे नाहीत असं ताईनं ठरवून टाकलं. आत कोणी मोठ्यानं बोलत नसे. निघताना पैलवान हमखास "येतो हं" म्हणायचा. त्याचं त्यालाच कळायचं नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी धुकं उतरलं. हाताला हात दिसेना. पट्टी आणि पैलवान सुताराच्या घरात आखणी करायला वर गेले. दारात तिनं बूट काढले, विचारलं, आत जाऊन टेपची डबी घट्ट धरली आणि मोकळं टोक धुक्यात पुढे केलं.

"धरलंस?" तिनं हाक दिली.

टेप ताणली गेली. तिनं आकडा वाचला, खुंटी ठोकली. "एक पाऊल मागे." टेप पुढे सरकली, ताणली गेली. पैलवान एरवी टेप अशी सैल धरायचा की मध्ये झोका व्हायचा. रोज ती त्याच्यावर खेकसायची. आज मात्र कशी तारेसारखी! आठ खुंट्या झाल्या. एकदाही सांगावं लागलं नाही. "आज शहाणा झालास रे," ती म्हणाली.

"कोण, मी?" पैलवान तिच्या मागून म्हणाला.

तो दाराबाहेर उभा होता, हातात खुंट्यांची दुसरी पिशवी. "पिशवी खालीच राहिली होती. आणायला गेलो होतो. सांगून गेलो की तुला."

पट्टीच्या हातात टेपची डबी होती. टेप तिच्यापासून धुक्यात गेलेली होती, सरळ, ताठ. पैलवानानंही ती पाहिली. त्याची पिशवी हळूच खाली टेकली.

ओरडावं असं तिला वाटलं. आणि त्याच वेळी, कसं कोण जाणे, तिला वाटलं की हे बरं दिसणार नाही. एवढा वेळ कोणीतरी धरून उभं आहे. ती म्हणाली, "झालं. ठेवा आता. थँक्यू."

टेप पडली नाही. कोणी वाकून जमिनीवर ठेवावी, तशी ती हळूहळू खाली गेली आणि गवतावर टेकली.

तिनं ती गुंडाळली. टोकाची पितळी कडी हातात आली तेव्हा गरम होती. मुठीत धरून ठेवलेली वस्तू असते, तशी.

खाली आल्यावर तिचे दात वाजायला लागले ते थांबेनात. ताईनं अंगावर दोन पांघरुणं घातली, शेजारी बसली. "उद्या गाडी बोलावते. घरी जा तू," ती म्हणाली. पट्टीनं हो म्हणून मान हलवली. दुपारी तिनं घरी फोन लावला. बापानं उचलला, मागे मशीन चालू होतं.

"काय गं? बरी आहेस ना?"

ती म्हणाली, "बाबा, इथे टेपचं दुसरं टोक धरायला एक माणूस मिळालंय. फार नीट धरतं."

मशीन थांबलं. "मग सोडू नकोस. टोक नीट धरणारं माणूस मला पंचवीस वर्षांत एकच मिळालं. तुझी आई."

गाडी आली नाही. पट्टीनंच नको म्हणून सांगितलं. भीती गेली असं नाही. पण ती सगळ्यांनाच वाटायची. सातही जण एकमेकांचे बूट राखत, एकमेकांसाठी विचारत आत जायचे. आता आपण त्यांच्यातल्या आहोत का, हे तपासून बघायचंही ती विसरली.

काम संपत आलं तेव्हा वरचा सगळा भाग कागदावर आला. ताईला बरोबर घेऊन तिनं तो पूर्ण नमुना नर्सबाईंना नेऊन दाखवला. बाई कागदावर एकेक घर बघत वर गेल्या आणि दोन चौकोनांच्या मध्ये थांबल्या. "इथे काही काढलं नाहीस?"

"तिथे काही नाहीये, बाई. मोकळी जागा आहे. आम्ही सरळ जातो तिथून."

बाईंनी कागदावरचा हात काढला नाही. "तिथे माझं घर होतं," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांनी 'होतं' म्हटलं. "त्या दिवशी घरात कोणी नव्हतं. मी खाली. हे शेजारी गेले होते, कात्री मागायला. गप्पिष्ट माणूस. पाच मिनिटांचं काम असलं की तासभर बसायचे."

"म्हणून तुम्ही वर येत नाही?"

"वर आले, आणि काहीच नसलं तर? इतकी वर्षं त्याचीच भीती वाटत होती." त्या हसल्यासारख्या झाल्या. "तू म्हणतेस तसं, नाहीच आहे."

पट्टीला स्वतःची जीभ तोडून टाकावीशी वाटली. पण बाई उठल्या, पायात चपला सरकवल्या. "चल. उजेड आहे तोवर."

त्या पुढे, पट्टी आणि ताई मागे. बाई खाली बघत नव्हत्या, तरी वळायचं तिथे वळत होत्या, आणि त्यांना ते माहीत होतं. मोकळ्या जागेलगतच्या चौकोनाच्या दारापाशी त्या थांबल्या. पदर सारखा केला. आत गेल्या नाहीत. दारातूनच, रोज हाक मारावी त्या सुरात म्हणाल्या:

"अहो. किती वेळ बसायचं लोकांच्या घरी? चला आता."

वारा नव्हता. गवताचं पातं हललं नाही. बाई थोड्या बाजूला झाल्या, दारातून कोणाला बाहेर यायला जागा द्यावी तशा, आणि मग वळून त्या मोकळ्या जागेकडे चालायला लागल्या. सावकाश, मध्येच थांबत. एकदा त्यांनी मान वळवून काहीतरी पुटपुटल्यासारखं केलं. शब्द पट्टीपर्यंत आले नाहीत. मोकळ्या जागेच्या मध्यावर त्या उभ्या राहिल्या. सूर्य टेकडीआड गेला तेव्हा एकट्याच परत आल्या. चेहरा ओला होता आणि शांत होता. उतरताना त्यांनी पट्टीचा हात धरला आणि म्हणाल्या, "गुडघे खरंच दुखतात बरं का गं."

सकाळी सगळे शेवटची रोपं घेऊन निघाले. पट्टी टाकीपाशी उभी होती. पहिल्यांदा पैलवान आला. कालपर्यंत तो ज्या मोकळ्या जागेतून सरळ यायचा, तिथे येऊन तो वळला. काटकोनात, डावीकडे, अकरा पावलं. मागची मुलगी तिथेच वळली. सहाही जण. वर आल्यावर पैलवान धापा टाकत म्हणाला, "काय बघतेस? सरळच आलो."

"हो," पट्टी म्हणाली, आणि खाकी कागद काढून तिनं त्या जागी एक चौकोन काढला. दार कुठे ते तिला माहीत नव्हतं. ते विचारायला ती खाली नर्सबाईंकडे गेली. बाईंनी पेन घेतलं आणि खालच्या बाजूला, जरा उजवीकडे, एक फट ठेवली.

त्या घरात चार रोपं बसली.

दोन दिवसांनी साहेब आले, ओळी मोजून गेले, छान म्हणाले. त्याच दुपारी ट्रक आला. पुढचं काम एका वाहून गेलेल्या पुलापाशी होतं, दीड दिवसाच्या वाटेवर. सामान चढवताना ताईनं हजेरी घेतली. सात नावं. वर्षातले अजून साडेनऊ महिने बाकी होते.